माळ्यावरच्या ट्रंकेतले कागद

गावच्या घराची वाटणी झाली तेव्हा भांड्यांपासून आंब्याच्या झाडांपर्यंत सगळ्याची यादी झाली. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेवर मात्र कुणीच हक्क सांगितला नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. आत तीन पिढ्यांचे कागद होते. ते लावता लावता जे उमगलं, ते घरात अशी ट्रंक असलेल्या प्रत्येकासाठी लिहिते आहे.

१. गाठोडं सोडण्याआधी त्याचा फोटो काढा.
नावांप्रमाणे, सालाप्रमाणे गठ्ठे लावायला हात शिवशिवतात. तो मोह आवरावा. कुणी काय कशासोबत बांधलं, हीसुद्धा माहितीच असते. आजीने एका फडक्यात आजोबांची मुंबईहून आलेली कार्डं, मनिऑर्डरच्या पावत्या आणि वैद्यांची चिठ्ठी एकत्र बांधली होती. वेगवेगळ्या फायलींत गेली असती तर त्यांचं एकमेकांशी नातं कुणाला कळलं नसतं. एकत्र होती म्हणून काकांच्या आजारपणात पैसे कुठून आणि कसे येत होते, ते समजलं.

२. आधी आत्याकडे जा, स्कॅनर नंतर.
कागद आणखी दहा वर्षं थांबतील. त्यातली माणसं ओळखणारी पिढी थांबेलच असं नाही. एका कार्डावर एवढंच होतं, की बापूचं काम झालं, आता घोर नको. कोण बापू, कसलं काम? आत्यांना विचारलं. बापू म्हणजे आजोबांचे चुलतभाऊ. गिरणीत बदली कामगार म्हणून रोज दारात उभं राहायचं, कधी काम मिळायचं, कधी हात हलवत परत. ते अखेर कायम झाले, त्याचं ते कार्ड. ही हकीकत घरात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हती.
‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की म्हातारी माणसं संकोचतात. पत्र मोठ्याने वाचून दाखवलं तर एका ओळीवर तासभर बोलतात. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवावं. टिपणं वेगळ्या कागदावर करावीत. मूळ पत्रावर पेन चालवू नये.

३. तारीख नसली तरी काळ सापडतो.
पोस्टाचा शिक्का पुसला असेल तर पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. पत्त्यात तो असेल तर पत्र त्यानंतरचं. कार्डावर किंमत आण्यांत असेल तर ते बहुधा १९५७ च्या एप्रिलपूर्वीचं, ‘नये पैसे’ असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवावेत. माघ-फाल्गुनातलं पत्र असेल तर ७९. शके १८६५ च्या माघातलं पत्र १९४४ चं ठरतं.

४. जे पत्र नाही, त्याचीही नोंद करा.
मृत्यूची बातमी देणारं कार्ड कोपरा फाडून पाठवत, आणि वाचल्यावर ते घरात ठेवत नसत. त्यामुळे बारशी, मुंजी, लग्नं यांच्या पत्रिका ट्रंकेत मुबलक. मरणं मात्र गायब. आमच्याकडे एका मुलीचा उल्लेख काही वर्षं येतो आणि मग कुठेच येत नाही. आत्यांनी सांगितलं तेव्हा कळलं, की ती प्लेगात गेली. हे मी वंशावळीत लिहून ठेवलं आहे, कारण तिचा दुसरा कुठलाच कागद नाही.
दुसरी पोकळी बायकांच्या पत्रांची. ट्रंकेत सापडतात ती आलेली पत्रं. आजीने लिहिलेली तिच्या माहेरी गेली, बहिणींकडे गेली. तिथे जाऊन विचारावं लागतं. आजीच्या भाच्यांच्या घरी थोडी मिळाली, आणि तिचं अक्षर आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

५. कागदाचे शत्रू बहुतेक आपणच घरी आणलेले असतात.
टाचण्या आणि स्टेपल गंजतात, त्या हलक्या हाताने काढाव्यात. सेलोटेप पिवळी पडून डाग सोडते. लॅमिनेशन तर करूच नये. कागद प्लास्टिकमध्ये कायमचा अडकतो, पुन्हा सोडवता येत नाही. जुना हातकागद आणि काजळीची शाई दोनशे वर्षं तगते, पण लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पन्नास वर्षांत पिवळा पडून कडा सोडतो. त्याला घड्या घालू नयेत. पत्र्याखालच्या माळ्यापेक्षा घरातलं कपाट बरं. कागद सुती फडक्यात बांधावेत, प्लास्टिकच्या पिशवीत नको. पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशी गठ्ठे सोडून कसर, वाळवी बघावी. भिजलेला कागद उन्हात टाकू नये. सावलीत, पंख्याखाली, टिपकागदांमध्ये पसरावा, आणि लगेच. दोन दिवसांत बुरशी धरते.

६. पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला.
तो सातबाऱ्याइतकाच जपावा. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे शोधावे लागतात. भाऊबंदांत एकाकडेच असा कागद असतो आणि नातवंडांची शिक्षणं त्यावर अडतात. त्याच्या साक्षांकित प्रती सगळ्या शाखांना द्याव्यात.

७. मोडी वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका.
इतिहासाचार्य राजवाड्यांनी वाड्या-वाड्यांतून असलेच कागद मिळवून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली. घरात वाचणारं कुणी नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी चौकशी करावी. आमचं एक मोडी पत्र म्हणजे बियाण्याचा हिशेब निघाला. त्यात घरातल्या शेतांची अशी नावं आहेत जी सातबाऱ्यावर नाहीत.

८. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून निश्चिंत होऊ नका.
तिथे चित्र लहान होतं, अक्षर फुटतं. पाठपोट, लिफाफ्यासकट स्कॅन करावं, फाइलला साल आणि नाव द्यावं, आणि प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

९. दुखावणारी पत्रंही जाळू नका.
एका काकूंनी सासरच्या जाचाबद्दल माहेरी लिहिलेली पत्रं माहेरच्यांनी परत पाठवली होती. काही नातेवाईक म्हणाले, फाडून टाक. मी ती काकूंच्या लेकीला दाखवली. तिने सगळी वाचली आणि सांगितलं, स्कॅन करू नको, मूळ राहू दे. ती आता तिच्या नावाच्या लिफाफ्यात वेगळी ठेवली आहेत. ती कधी, कुणाला दाखवायची, हे तिच्यानंतर तिची मुलं ठरवतील.