बिऱ्हाड, पागडी आणि गोठलेले भाडे : मुंबईच्या चाळ-साहित्यामागील एक कायदा

महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांत पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) शिकविताना एक प्रश्न हमखास येतो. गैरसोयींबद्दल एवढी कुरकुर करणारी ही माणसे दुसरीकडे राहावयास का जात नाहीत? प्रस्तुत लेखकाने पहिल्या वर्षी याचे उत्तर शेजारधर्म, एकोपा, मध्यमवर्गीय मनाची चिकटवृत्ती अशा शब्दांत दिले. ते अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात आहे आणि ते ठाऊक नसल्यास चाळीवरील बहुतेक मराठी लेखन निव्वळ स्मरणरंजन म्हणून वाचले जाते.

मुंबईने तेजी अनेकदा पाहिली. १८६१ ते १८६५ या काळातील कापसाच्या तेजीने शहरात पैसा आणि माणसे दोन्ही लोटली. परंतु त्या वेळी भाड्याला आवर घालावा, असे सरकारला वाटले नाही. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मात्र चित्र पालटले. गिरण्यांचे नफे वाढले, वस्ती दाटली, बांधकाम थंडावले आणि घरभाडी इतकी चढली की १९१८ मध्ये भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला. १९२० नंतर सरकारनेच वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधावयास घेतल्या. दुसऱ्या महायुद्धाने हेच संकट पुन्हा आणले. त्यातून आलेल्या १९४७ च्या कायद्याने ‘प्रमाणित भाडे’ ही संकल्पना रूढ केली : जागा १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या भाड्याने दिलेली होती, ते तिचे भाडे. कर वाढले वा सुधारणा केल्या तर थोडी वाढ शक्य होती. एरव्ही त्या दिवशीचा आकडा जणू शिळेवर कोरला गेला. भाडे नियमित भरणाऱ्यास, पोटभाडेकरू न ठेवणाऱ्यास सहजी काढता येत नसे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरे.

या तरतुदीने एका मराठी शब्दाचा अर्थच हलविला, असे माझे मत आहे. ‘बिऱ्हाड’ हा मुळात तात्पुरतेपणाचा शब्द. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. बिऱ्हाड करावयाचे, हलवावयाचे, मोडावयाचे. मुंबईच्या चाळीत मात्र ते बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. ज्याचे स्वरूप मुक्कामाचे, ते वारसाहक्काचे झाले. चाळीतील पात्रे एकमेकांना इतकी पुरती ओळखतात, तीन पिढ्यांची उणीदुणी काढू शकतात, याचे कारण त्यांचा स्वभाव जितका, तितकेच गोठलेले भाडे. कायद्याने पात्रांना जागेवर बसविले आणि लेखकाला ती सावकाश न्याहाळता आली.

दुसरा शब्द ‘पागडी’. भाडे वाढविता येत नाही, मग मालक जागा देतानाच एकरकमी पैसे घेऊ लागला. जागा सोडणारा भाडेकरूही येणाऱ्याकडून घेऊ लागला. १९४७ च्या कायद्याने दोन्ही व्यवहार गुन्हा ठरविले होते, तरी ते उघड गुपित म्हणून चालत राहिले. बंगालीच्या अभ्यासकांना येथे गंमत वाटेल : कलकत्त्यात याच रकमेला ‘सेलामी’ म्हणतात. एकीकडे डोक्यावरचे पागोटे, दुसरीकडे मुजरा. बेकायदा पैशाला मानाचा पोशाख चढविण्याची ही रीत दोन भाषांनी बहुधा स्वतंत्रपणेच शोधली असावी. भारतीय भाषांतील भाड्याच्या शब्दसंग्रहाचा तौलनिक अभ्यास व्हावयास हवा. तो केवळ कोशकारांवर सोडण्याजोगा नाही.

मालकाची बाजूही नोंदविली पाहिजे, कारण आपल्या साहित्यात मालक बहुधा खलनायक वा हास्यविषय असतो. १९४० च्या भाड्यात १९६० ची दुरुस्ती भागत नव्हती. इमारती खचल्या, काही माणसांसह कोसळल्या. अखेर १९६९ मध्ये उपकर वसूल करून दुरुस्ती करणारे मंडळ स्थापावे लागले. स्वस्त भाडे आणि सडका जिना यांचा संबंध कार्यकारणाचा आहे, हे विनोदी लेखनात क्वचितच उतरते.

आणि जे चाळीत कधी शिरूच शकले नाहीत, त्यांचे काय? कायदा भाडे ठरवीत होता. भाडेकरू कोण असावा, हे मालकच ठरवीत होता. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीत जात लपवून राहतो. कथा चाळीची नाही, पण ‘बटाट्याची चाळ’च्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय गोठलेल्या भाड्याने कोणाला आसरा दिला, याचा हिशेब पुरा होत नाही. उशिरा आलेल्यांसाठी पागडीची रक्कम होती वा झोपडपट्टी. १९७३ मध्ये त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ते त्यांच्यापुरते न्याय्य होते; पण त्याने पुढच्या अर्जदारासाठी दार अधिकच घट्ट लागले. मालक रिकामी खोली कुलूपबंद ठेवणे पसंत करू लागला.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्णय दिला. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीस मुभा दिली, पागडीला कायदेशीर केले आणि लायसन्सवर राहणाऱ्यांना मुदत संपताच जागा सोडण्याचे बंधन घातले. जुने भाडेकरू राहिले. नव्याने येणाऱ्याचा करार मात्र आता बहुधा अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिन्यांत शेजाऱ्याचे नाव कळते, त्याच्या आजोबांची गोष्ट कळत नाही. गेल्या वर्षी वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग अशा घरांवर चाळीसारखी कादंबरी कशी लिहायची?” तास संपला होता, तिने स्वतःच वहीत ‘बिऱ्हाड’ लिहून त्यापुढे विंचू काढला.