वॉटरजेटचा कट अपुरा राहिला तर?

वॉटरजेटमध्ये पाण्याचा दाब साधारण 4000 बार असतो. पण जाड स्टील कापते ती पाण्यासोबत येणारी गार्नेटची वाळू. म्हणून कट आरपार गेला नाही, तर आधी गार्नेट बघा. हॉपर रिकामा झालाय का? वाळू ओली होऊन नळीत अडकलीय का? मग नोझलचे भोक झिजून मोठे झालेय का, ते तपासा. सगळे ठीक असेल, तर कापण्याचा वेग कमी करा.

हेडला हात लावण्यापूर्वी पंप बंद करून दाब शून्यावर आणा. जेटची जखम सुई टोचल्याएवढी दिसते, पण पाणी खोलवर शिरलेले असते. नुसती पट्टी बांधू नका. लगेच रुग्णालयात जा आणि जखम जास्त दाबाच्या पाण्याची आहे, हे डॉक्टरांना सांगा.