गणपत कृष्णाजी आणि छापील पंचांग

अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले. मुद्रणकलेची माहिती असलेले होरेशिओ बार्डवेल १८१६ मध्ये त्यांना येऊन मिळाले आणि १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून आठ पानांची मराठी पुस्तिका बाहेर पडली. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या छापखान्याचे श्रेय वादातीत आहे. मात्र छापील अक्षर सोवळ्यातल्या घरात नेण्याचे काम त्याच्या हातून होणे शक्य नव्हते. ते काम गणपत कृष्णाजी यांनी केले.

गणपत कृष्णाजी हे भंडारी ज्ञातीतले. मिशनच्या छापखान्यातील काम पाहून हिंदूंचे धर्मग्रंथही याच रीतीने छापावेत असे त्यांच्या मनात आले, असे गोविंद नारायण माडगावकर यांच्या १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथातील वृत्तांतावरून दिसते. यंत्र, दगड आणि शाई यांची जुळवाजुळव त्यांनी बव्हंशी स्वतःच्या प्रयोगांनी केली. १८३१ मध्ये, म्हणजे शके १७५३ चे, पंचांग त्यांनी शिळाछापावर छापले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश याच वर्षीचा आणि ‘दर्पण’ पुढील वर्षीचे. या दोन्हींचा वाचक इंग्रजी राजवटीशी परिचित होता. पंचांगाचा वाचक मात्र गावोगावचा जोशी होता.

या निवडीतील व्यवहारदृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. पोथी एकदा लिहवून घेतली की दोन पिढ्या पुरते; पंचांग वर्ष सरताच निरुपयोगी होते. हाताने नकला करणाऱ्यास दर पाडव्यापूर्वी तेच कष्ट पुन्हा उपसावे लागत आणि आकड्यांच्या कोष्टकात एक चूक शिरली तर मुहूर्तच चुके. छपाईचा उपयोग यापेक्षा उघड दुसरीकडे कोठे दिसला असता? पण जोशीबुवांनी छापील पत्रा हाती घेण्यास नकार दिला असता, तर सारा खटाटोप वाया जाता. छापील कागदाला शिवू नये असे मानणारे कर्मठ लोक १८६३ मध्येही होते, ही माडगावकरांची साक्ष आहे.

हा विटाळ निव्वळ भ्रम होता असेही म्हणता येत नाही. शिळामुद्रणाचे तत्त्वच तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभे आहे: स्निग्ध शाईने काढलेले अक्षर छपाईची शाई धरते, ओला दगड ती झिडकारतो. लिहिण्याच्या या शाईत मेण व साबणाबरोबर जनावराची चरबीही घालण्याची युरोपीय रीत होती. स्निग्धता काढून टाकली तर छपाईच होणार नाही. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरले, ही सर्वश्रुत हकीकत या संदर्भात वाचावी. श्रद्धेचा मान राखणारी ती युक्ती होतीच, शिवाय तंत्रालाही बाध न आणणारी होती.

शिळाछापाची आणखी एक सोय होती. लेखकाचे हस्ताक्षर जसेच्या तसे उतरत असल्याने जोडाक्षरांसाठी खिळ्यांचा प्रचंड संच लागत नसे, आणि सुट्या आडव्या पानांची पोथी छापूनही पोथीच दिसे. मिरजेस १८०५ मध्ये गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली होती. परंतु तो संस्थानिकाचा उपक्रम होता, त्यातून धंदा उभा राहिला नाही. गणपत कृष्णाजींना मात्र गिऱ्हाइकावर जगायचे होते.

बंगळूरचे उदाहरण यापुढे ठेवून पाहावे. तेथे वेस्लियन मिशनच्या छापखान्याने जॉन गॅरेट यांच्या संपादनाखाली १८४९ मध्ये संस्कृत, कन्नड व इंग्रजी अशा तीन भाषांत गीता प्रसिद्ध केली. मिशनऱ्यांच्या छापखान्यास हिंदूंचा ग्रंथ अगदीच वर्ज्य होता असे सरसकट विधान त्यामुळे करता येत नाही. तथापि तीन भाषा शेजारी शेजारी मांडणारे ते पुस्तक अभ्यासिकेसाठी होते, देवघरासाठी नव्हे.

गणपत कृष्णाजी शिळाछापावर थांबले नाहीत; खिळ्यांची छपाईही त्यांनी पुढे आपल्या छापखान्यात सुरू केली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळ्यांचे वळण सुधारले होते. त्याच छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्यास एक पोर लागले. त्याचे नाव जावजी दादाजी. निर्णयसागर छापखाना त्यांनी १८६९ मध्ये काढला आणि त्याची पंचांगे घरोघरी गेली. तोवर शाईत काय आहे हे विचारणारे फारसे कोणी उरले नव्हते.