उष्णतेचा प्रवास : गुऱ्हाळ, ओतशाळा आणि घराचे छप्पर

(माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांसाठी)

उष्णतेचा पाठ वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन शब्दांनी सुरू होतो आणि पुष्कळदा त्यांच्या व्याख्या पाठ झाल्या की संपतो. बेळगाव-निपाणी भागातील शिक्षकाला मात्र या पाठासाठी प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. निपाणी-चिकोडीकडील गुऱ्हाळे, बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळा आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घराचे छप्पर या तिन्ही ठिकाणी उष्णतेचे नियम दररोज कामाला लागलेले असतात. ते ठाऊक असल्यास जळण वाचते, माल सुधारतो आणि प्रसंगी माणसाचा हातही वाचतो. म्हणून प्रस्तुत पाठाची मांडणी या तीन स्थळांना धरून केली आहे.

मूळ कल्पना

उष्णता नेहमी अधिक तापमानाच्या ठिकाणाहून कमी तापमानाच्या ठिकाणी जाते. घन पदार्थातून ती कणाकणाने पुढे सरकते, ते वहन. द्रव व वायू तापले की हलके होऊन वर चढतात आणि थंड भाग खाली उतरतो, ते अभिसरण. मध्ये कोणताही पदार्थ नसताना सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत पोचते, ते प्रारण.

वहनाचा हिशेब फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. पदार्थाच्या दोन बाजूंच्या तापमानांतील फरक जितका मोठा तितकी उष्णता अधिक वेगाने वाहते. जाडी वाढली की तो वेग त्याच प्रमाणात घटतो. याखेरीज प्रत्येक पदार्थाची स्वतःची वाहकता असते. वॅट, मीटर व अंश या एककांत ती स्थूलमानाने अशी : तांबे ४००, ॲल्युमिनियम २३५, शुद्ध लोखंड ८०, बिडाचे लोखंड ५०, स्टेनलेस स्टील १५, काँक्रीट दीडच्या आसपास, वीट ०.७, पाणी ०.६, लाकूड ०.१५ आणि स्थिर हवा केवळ ०.०२५.

या आकड्यांवरून एक नित्याचा अनुभव उलगडतो. डिसेंबरच्या पहाटे बेळगावात खिडकीचा लोखंडी गज हाताला बर्फासारखा लागतो, पण तिची लाकडी चौकट तितकी गार लागत नाही. वस्तुतः दोहोंचे तापमान एकच असते. लोखंड हाताची उष्णता भराभर ओढून घेते, लाकूड तसे करीत नाही, एवढाच भेद. आपली त्वचा तापमान मोजत नसून उष्णता किती वेगाने जाते अथवा येते हे मोजते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी.

गुऱ्हाळाची काहील

शंभर किलो उसाच्या रसात विरघळलेले घन पदार्थ सुमारे १८ ते २० किलो असतात, बाकी पाणी. गूळ करणे म्हणजे त्यातील सुमारे ८० किलो पाणी वाफेच्या रूपाने घालवणे. पाणी उकळू लागल्यावर कितीही जाळ घातला तरी त्याचे तापमान वाढत नाही. सारी उष्णता पाण्याची वाफ होण्यात खर्ची पडते. या अप्रकट उष्म्याचा शोध स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याने अठराव्या शतकात लावला. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२६० किलोजूल उष्णता लागते.

आता हिशेब करू. शंभर किलो रस ३० अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे २६ हजार किलोजूल लागतात. ८० किलो पाण्याची वाफ करण्यास मात्र सुमारे १ लाख ८१ हजार किलोजूल लागतात. म्हणजे रस तापवण्याचा खर्च एकूण खर्चाच्या जेमतेम आठवा हिस्सा आहे. धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूवर पुढील रस आधीच तापवून ठेवला, तर जास्तीत जास्त हा आठवा हिस्सा वाचू शकेल. ही बचत घेण्याजोगी आहे. पण जळणाचा मुख्य खर्च पाणी आटवण्याचाच राहणार, हेही यावरून स्पष्ट होते.

जळण म्हणजे उसाची चिपाडे. ताज्या चिपाडांत वजनाच्या सुमारे निम्मे पाणी असते. ती तशीच चुलवाणात सारली, तर त्यांच्या उष्णतेचा सुमारे सातवा भाग त्यांतील पाण्याचीच वाफ करण्यात जातो. शिवाय जाळ मंदावतो, जळण अर्धवट जळते आणि धूर होतो, ते नुकसान वेगळेच. चिपाडे उन्हात पसरून वाळवण्याची रीत किती शहाणपणाची आहे, आणि अवकाळी पावसात चिपाडे भिजली की गुऱ्हाळ का अडते, ते यावरून कळेल.

काहिलीचा तळ लोखंडी असल्याने उष्णता त्यातून सहज आत येते. परंतु बाहेरून काजळीचा व आतून करपलेल्या रसाचा थर बसला, तर हे थर लोखंडाच्या मानाने अत्यंत मंदवाहक असल्याने वाट अडवतात. म्हणून काहील घासण्याचे काम केवळ स्वच्छतेचे नाही.

रस पातळ असतो तोवर अभिसरणाने तो आपोआप वर-खाली होत राहतो आणि तळाची उष्णता सर्वत्र पोचते. तो घट्ट होऊ लागला की हे अभिसरण मंदावते. तळाचा पाक तेथेच अडकून करपतो आणि सगळी ढेप काळी पडते. म्हणूनच शेवटच्या टप्प्यात गुळव्या क्षणभरही ढवळणे थांबवू देत नाही; निसर्गाने सोडलेले अभिसरणाचे काम तेथे माणसाचा हात पुरे करीत असतो. काकवी सुमारे १०५ अंशांवर उतरवतात, तर गुळासाठी पाक ११८ ते १२० अंशांपर्यंत न्यावा लागतो. पाण्यात साखर जितकी अधिक, तितका उत्कलनबिंदू वर जातो. त्यामुळे हे तापमान म्हणजे पाकात पाणी किती उरले याचेच माप होय.

ओतशाळेतील साचा

बेळगावच्या ओतशाळांत यंत्रांचे व वाहनांचे बिडाचे भाग ओतले जातात. बिडाचे लोखंड सुमारे ११५० ते १२०० अंशांच्या दरम्यान वितळते. साच्यात ओतताना ते त्याहून पुष्कळ अधिक तापलेले ठेवावे लागते. साचा वाळूचा असतो. वाळू उष्णतेची मंदवाहक असल्याने आतील धातू सावकाश निवतो. सावकाश निवताना लोखंडातील कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो आणि यंत्रावर कापता येईल असे करडे बीड तयार होते. तोच भाग फार पातळ असेल किंवा झपाट्याने निवला, तर कार्बनला वेगळे होण्यास अवसर मिळत नाही. मग पांढरे, कठीण व ठिसूळ बीड तयार होते आणि त्यावर हत्यार चालत नाही. धातू तोच, घटकही तेच; केवळ उष्णता निघून जाण्याच्या वेगाने मालाचा गुण पालटतो.

निवताना धातू आकुंचन पावतो. करड्या बिडाच्या बाबतीत हे आकुंचन मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर धरतात. म्हणून लाकडी नमुना तितका मोठा करावा लागतो. जाड व पातळ भाग जेथे एकत्र येतात तेथे पातळ भाग आधी निवतो, जाड भाग नंतर आकसतो आणि या ओढाताणीत तडा जातो.

सर्वांत गंभीर धोका ओलाव्याचा. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. ओल्या पळीत किंवा ओल्या जमिनीवर वितळलेला धातू पडला, तर तळाशी अडकलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि धातू चहूकडे उडतो. पळी आधी तापवून कोरडी करणे आणि वाळूतील पाण्याचे प्रमाण बेताचे राखणे हे नियम यासाठीच आहेत. यांतील अनेक विद्यार्थी उद्या याच कारखान्यांत जाणार आहेत. त्यांना हे कारण शाळेतच समजावे.

घराचे छप्पर

उन्हाळ्यात पत्र्याचे घर दुपारी भट्टीसारखे तापते, तर स्लॅबचे घर रात्री उकडते. याचा उलगडाही हिशेबाने होतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा सुमारे ४ किलोचा असतो. त्याचे तापमान एका अंशाने वाढण्यास २ किलोजूलही लागत नाहीत. १२ सेंटिमीटर जाडीचा तितकाच स्लॅब सुमारे २९० किलोचा भरतो आणि त्याला सुमारे २५० किलोजूल लागतात. म्हणून पत्रा सूर्यासरशी तापतो व मावळतीनंतर लगेच निवतो. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि घरातील माणसे झोपायला आली की ती परत देऊ लागतो.

कौलांचे छप्पर या दोहोंच्या मधले. चौरस मीटरला त्याचे वजन सुमारे ४० किलो असते. कौलांच्या सांध्यांतून तापलेली हवा वर निघून जाते आणि खाली माळा असल्यास मधली हवा आडकाठी करते. दारात बसून दिवसभर विड्या वळणाऱ्या निपाणीच्या स्त्रियांना छपराचा हा प्रश्न केवळ सोयीचा नसून तब्येतीचा व रोजच्या मजुरीचाही आहे. पत्र्याला बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिल्यास बरेचसे प्रारण परतून जाते. आतून बांबूची तट्टी अथवा छत बांधून मध्ये वीतभर हवा मोकळी खेळती ठेवल्यास तापलेल्या पत्र्याचे प्रारण डोक्यावर येत नाही. मात्र तट्टी चुलीपासून दूर असावी.

भाजल्यास काय करावे

काहिलीतील पाक उकळत्या पाण्याहून अधिक तापलेला आणि चिकट असतो. तो अंगावर पडला तर त्वचेला धरून राहतो आणि उष्णता आत शिरतच राहते. म्हणून भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. पाणी ती उष्णता वाहून नेते. बर्फ, तूप, शाई किंवा दंतमंजन लावू नये. अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. चिकटलेले कापड ओढू नये. जखम मोठी असल्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

स्वाध्याय

१. सारख्या लांबीचे स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम व लाकूड यांचे चमचे गरम पाण्यात उभे करून वरच्या टोकाला तुपाने एकेक ज्वारीचा दाणा चिकटवा. कोणता दाणा आधी घसरतो ते पाहा व वरील आकड्यांशी ताडून पाहा. गरम पाणी शिक्षकांनीच ओतावे.

२. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९७.५ अंशांवर का उकळते? डाळ शिजण्यावर याचा काय परिणाम होईल?

३. आपल्या घराच्या छपराखाली सकाळी, दुपारी व रात्री नऊ वाजता तापमान मोजा. पत्रा, कौले व स्लॅब यांखाली राहणाऱ्या वर्गमित्रांच्या नोंदी एकत्र करून आलेख काढा.

४. शंभर किलो रसात २० किलोऐवजी १६ किलोच घन पदार्थ असतील, तर किलोमागे गुळाला जळण किती अधिक लागेल?