अडकलेली स्लाइड : कारणे आणि उपाय

अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा चाप ओढला की गोळी नळीतून पुढे जाते आणि तिच्याच प्रतिक्रियेने पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, मागे सरकतो. मागे जाताना स्लाइड रिकामी पुंगळी बाहेर फेकते. स्प्रिंगच्या जोराने परतताना मॅगझिनमधील वरचे काडतूस ढकलून ती चेंबरमध्ये बसवते आणि बंद होते. एवढी सारी कामे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत उरकतात. या फेऱ्यात कोठेही खंड पडला म्हणजे स्लाइड अडकते.

अशा वेळी नवशिक्याच्या हातून दोन गोष्टी हटकून घडतात. तो पिस्तूल आडवे करून, वाकून आत डोकावतो आणि दुसऱ्या हाताने स्लाइडशी झटापट करतो. हे करताना नळीचे तोंड शेजाऱ्याकडे वळते व बोट चापावरच राहते. प्रशिक्षकांना भीती वाटते ती अडकलेल्या स्लाइडची नव्हे, या दोन-तीन सेकंदांची.

म्हणून पहिला पाठ दुरुस्तीचा नसतो. नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेने स्थिर ठेवावयाचे, बोट चापावरून काढून बाहेर सरळ धरावयाचे आणि थांबावयाचे. चाप ओढूनही बार झाला नसेल, तर सराव मैदानावर किमान ३० सेकंद पिस्तूल तसेच धरून ठेवण्याची शिस्त आहे. काडतुसाची टोपी पेटली, पण दारूने उशिरा पेट घेतला, असे क्वचित घडते. तेवढ्यात ते काडतूस हाताने बाहेर ओढले, तर पोलादी चेंबरचा आधार नसलेली पुंगळी हाताजवळ फुटू शकते.

त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. आधी मॅगझिन काढावयाचे, मग स्लाइड मागे ओढून अडकवून ठेवावयाची, आणि मग चेंबर डोळ्यांनी व उजेड अपुरा असल्यास करंगळीनेही तपासावयाचे. हा क्रम उलटला तर काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली, तर चेंबरमधील काडतूस बाहेर पडते खरे. पण परतणारी स्लाइड दुसरे काडतूस आत बसवते. त्यानंतर मॅगझिन काढणारा पिस्तूल रिकामे झाल्याच्या समजुतीत राहतो. ‘रिकाम्या’ पिस्तुलातून सुटलेल्या गोळीच्या कित्येक हकिगतींचे मूळ याच उलट्या क्रमात असते.

भारतीय सेनादले आणि पोलीस यांच्या हाती दीर्घकाळ असलेले ९ मि.मी. ऑटो पिस्तूल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झाले. त्याची मूळ रचना जॉन ब्राउनिंग यांची. १९२६ साली त्यांचे निधन झाल्यावर बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह यांनी ती पूर्णत्वास नेली आणि १९३५ पासून ती प्रचारात आली. या मूळ रचनेत मॅगझिन काढल्यावर चाप निकामी होतो. सोय चांगली आहे. पण तिच्यावर विसंबण्याची सवय घातक, कारण अशी योजना नसलेली पिस्तुलेही वापरात आहेत. शिवाय चाप निकामी झाला, तरी चेंबरमधील काडतूस तेथेच असते.

अडकण्याचे प्रकार

बाहेर पडणारी पुंगळी स्लाइड आणि नळी यांच्यामध्ये उभी अडकते, हा बहुधा सर्वांत परिचित प्रकार. पुंगळी पकडणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरखाली काजळी साचली असेल, काडतूस दुबळे असेल किंवा मनगट सैल असेल, तर असे होते. मनगटाचे कारण अनेकांना पटत नाही. परंतु स्लाइड पूर्ण मागे जाण्यासाठी खालचा सांगाडा जागच्या जागी घट्ट राहावा लागतो. हातच मागे गेला, तर स्लाइडला मिळणारी धाव कमी पडते. तेच पिस्तूल प्रशिक्षकाच्या हाती सुरळीत चालते आणि शिकाऊ उमेदवाराच्या हाती अडकते, त्याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

दुसऱ्या प्रकारात पुंगळी चेंबरमध्येच राहते आणि मागून नवे काडतूस येऊन तिच्यावर आदळते. येथे स्लाइड नुसती मागेपुढे ओढून उपयोग होत नाही. ती मागे अडकवून मॅगझिन काढावे लागते, मग स्लाइड दोन-तीन वेळा पूर्ण ओढून चेंबर मोकळे करावे लागते. तिसऱ्या प्रकारात स्लाइड पुढे येते, पण किंचित उघडी राहते. घाण, वाकडे काडतूस किंवा थकलेली स्प्रिंग ही त्याची कारणे होत. अशा स्लाइडवर तळहाताने ठोसे मारणे हा उपाय नव्हे. आत नेमके काय अडले आहे, ते ठाऊक नसताना ती बळजबरी ठरते.

या सर्वांहून निराळा आणि धोक्याचा प्रकार आहे तो नळीत गोळी रुतण्याचा. काडतुसात दारू कमी असली किंवा मुळीच नसली, तर टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरते व तेथेच थांबते. आवाज फुसका येतो, हाताला धक्का जवळजवळ बसत नाही आणि स्लाइड पूर्ण मागे न गेल्यामुळे बाहेरून हा प्रकार साध्या अडथळ्यासारखाच दिसतो. ‘स्लाइड ओढा आणि पुढची गोळी झाडा’ हा एरवीचा उपाय येथे केला, तर दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फुगते वा फुटते. आवाज वेगळा वाटला की गोळीबार थांबवावा आणि पिस्तूल रिकामे करून नळी दोन्ही बाजूंनी मोकळी असल्याची खात्री करावी. दहा वेळा शंका खोटी ठरली, तरी अकराव्या वेळीही थांबावे.

सेवेतील शिपाई आणि मैदानावरील खेळाडू

कर्तव्यावर असताना समोर सशस्त्र गुन्हेगार उभा असेल, तर ३० सेकंद थांबणे शक्य नसते. तेथे मॅगझिनच्या तळावर तळहाताचा फटका, स्लाइडला पूर्ण ओढ आणि पुन्हा लक्ष्याचा अंदाज, ही कृती विचार न करता घडेल इतकी घोटून घेतली जाते. स्लाइड ओढून सोडून द्यावी. हाताने सावकाश पुढे आणू नये, कारण मग स्प्रिंगचा पूर्ण जोर मिळत नाही व नवा अडथळा उभा राहतो. ही तालीम नकली काडतुसांवर करून घेतात.

खेळाडूने मात्र नेमके याच्या उलट वागावयाचे असते. २५ मीटर पिस्तूल स्पर्धेच्या जलद टप्प्यात प्रत्येक गोळीसाठी अवघी ३ सेकंदे मिळतात. अशात स्लाइड अडकली, तर पिस्तूल लक्ष्याकडे रोखलेले ठेवून मोकळा हात वर करावा आणि रेंज अधिकाऱ्याची वाट पाहावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अधिकाऱ्याने पाहण्यापूर्वी खेळाडूने यंत्रणेला हात लावला, तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही आणि न झाडलेल्या गोळ्यांचे गुण जातात. हात न लावण्याचा संयम येथे थेट गुणफलकावर उतरतो. याच क्रीडाप्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ साली पालेम्बांग येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले.

या स्पर्धेतील पिस्तुले .२२ बोअरची असतात. त्यांत स्लाइडला मागे नेणारी शक्ती मुळातच थोडी. शिवाय त्या गोळ्यांवरील मेणाचा थर काजळीत मिसळून चिकट लेप तयार होतो. त्यामुळे ही पिस्तुले अस्वच्छता फार काळ सहन करीत नाहीत.

निगा

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. कातडी म्यानात ठेवून दिलेले पिस्तूल या दिवसांत लवकर गंजते, कारण कातडे ओल धरून ठेवते. गंजाच्या भीतीने तेलाचा मारा करणे ही दुसरी चूक. जादा तेलावर धूळ बसते, ते फायरिंग पिनच्या मार्गात जाऊन घट्ट होते आणि काडतुसांच्या टोप्यांपर्यंत झिरपून त्या निकामी करू शकते. स्लाइडच्या खाचांना तेलाचा पातळ हात पुरतो. चेंबर व नळीचा आतील भाग मात्र गोळीबारापूर्वी चिंधीने कोरडा करावा.

रिकामे पिस्तूलही गंजाने घट्ट बसून उघडेनासे होते. अशा स्लाइडवर हातोडी चालवू नये. आत काडतूस आहे की नाही याची खात्री नसेल, तर ते भरलेलेच समजावे. पोलीस दलात ते आर्मोररकडे द्यावे. खाजगी परवानाधारकाने शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला आधी कळवून, त्याच्या सल्ल्याने ते न्यावे.

पुष्कळदा दोष पिस्तुलात नसतोच; तो मॅगझिनमध्ये असतो. खाली पडून त्याचे वरचे ओठ किंचित वाकतात आणि काडतूस तिरपे वर येते. म्हणून प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालावा. स्लाइड अडकली की तारीख, मॅगझिनचा क्रमांक, काडतुसांचा लॉट आणि अडकण्याचा प्रकार नोंदवहीत लिहावा. एकाच क्रमांकापुढे तीन नोंदी झाल्या, तर ते मॅगझिन बाजूला काढून दुरुस्तीसाठी पाठवावे.