गच्चीवर सोलर जोडणाऱ्या भाच्याला

अरे राजा, दिल्लीत गच्चीचं घर मिळालंय आणि सोलर स्वतःच जोडायचं म्हणतोस. जोड की! फक्त एवढं ऐकून मग जिना चढ.

१. आधी वहीत वॅटचा हिशोब, मग पॅनल – जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. खाणारी तोंडं कमी केलीस की बॅटरीही लहान पुरते.

२. जागा हिवाळ्याचा विचार करून ठरव – डिसेंबरात इथे भर दुपारीही टाकीची सावली तिच्या उंचीच्या सव्वापट पडते. उन्हाला बिल नाही, सावलीला आहे.

३. तोंड दक्षिणेला, कल साधारण २८ अंश – दिल्लीचा अक्षांश तेवढा. पुण्याच्या मामाचं माप इथे चालायचं नाही.

४. स्टँडचे बोल्ट मे उजाडायच्या आत आवळ – इथली आँधी विचारून येत नाही, आणि पॅनल म्हणजे तिला आयतं शीड.

५. भागीरथ पॅलेसच्या बाजारात पॅनलवर हवी तेवढी घासाघीस कर, वायरीच्या जाडीवर नको – १२ व्होल्टवर १२० वॅट म्हणजे १० अँपिअर, बारीक वायर तापते. स्वस्त तार, महाग घर.

६. फ्यूज बॅटरीच्या प्लसला लागूनच, आणि एमसीबी डीसीचाच घे – घरातला एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी विझवेलच असं नाही.

७. चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोड, मग पॅनल. काढताना पॅनल आधी – बॅटरीविना पॅनलचा सगळा जोर कंट्रोलरवर येतो. काम चालू असताना पॅनलवर जाड चादर टाक, उन्हात त्याला बंद करायचं बटण नसतं.

८. ट्युब्युलर बॅटरी बंद कपाटात कोंडू नकोस – चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. पाणी डिस्टिल्डच घाल, आरओचं नको.

९. पॅनल सकाळी गार असताना धू, कोरडं फडकं फिरवू नकोस – धुळीने काचेवर ओरखडे उठतात, आणि तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.

१०. जानेवारीच्या धुक्यासाठी लाइटवरचा चार्जर हाताशी ठेव – उपाशी बॅटरी लवकर म्हातारी होते.

११. इन्व्हर्टरची वायर भिंतीच्या सॉकेटात खुपसायची नाही, कध्धीच – लाइट गेली म्हणून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल.

१२. पुढे ३ किलोवॅटचं, ग्रिडला जोडलेलं करावंसं वाटलं, तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत अर्ज कर – ७८,००० रुपये अनुदान आहे, पण काम नोंदणीकृत विक्रेत्याचंच लागतं. तेव्हा मात्र तुझा पाना पिशवीतच राहू दे आणि त्यांना चहा कर.