गप्प करणाऱ्या पेशी आणि निळा उजेड
(अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी)



चेतासंस्थेचा धडा वाचताना आपण एवढेच लक्षात ठेवतो की एक चेतापेशी दुसरीला जागी करते आणि संदेश पुढे जातो. (आमच्या हिंदी पुस्तकात हिला ‘तंत्रिका कोशिका’ म्हणत, शब्द जड, पण परीक्षेत चुकत नसे.) मात्र मेंदूच्या बाह्य थरात साधारण दर ५ पेशींपैकी १ पेशी उलटे काम करते. ती गाबा नावाचे रसायन सोडते, समोरच्या पेशीत क्लोराइड आयन शिरतात आणि ती गप्प बसते. ह्या अवरोधक चेतापेशी. ४० मुलांच्या वर्गात ८ मॉनिटर असावेत तसे समजा. मॉनिटरच ढिले पडले तर वर्गाचे काय होते, हे मी वेगळे सांगायला नको. मेंदूत असा गोंधळ माजला की फेफरे, म्हणजे मिरगीचा झटका, येऊ शकतो.

ह्या पेशींचा अभ्यास करायचा कसा? त्या इतर पेशींत मिसळलेल्या असतात. विजेची तार लावली तर जवळपासच्या सगळ्याच पेशी जाग्या होतात. फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्येच लिहिले होते की एकाच प्रकारच्या पेशी ताब्यात घेता येतील अशी पद्धत हवी. ती मिळाली डबक्यातल्या शेवाळातून! क्लॅमिडोमोनस तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाच आहे. तो उजेडाच्या रोखाने पोहतो, कारण त्याच्याजवळ चॅनेलरोडॉप्सिन हे प्रथिन असते. निळा प्रकाश पडला की त्यातील दार उघडते व धन आयन आत येतात. नागेल, हेगेमान, बामबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये चॅनेलरोडॉप्सिन-२ चे वर्णन केले. २००५ मध्ये बॉइडन, डायसरॉथ आणि सहकाऱ्यांनी तेच प्रथिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींत घालून त्या प्रकाशाने चालवून दाखवल्या. प्रकाशाने पेशी चालवण्याच्या ह्या पद्धतीला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात.

आता खरी युक्ती. जनुक प्रत्येक पेशीत असते, पण ते चालू करणारे बटण पेशीप्रमाणे वेगळे. गाबा पिशव्यांत भरणारे ‘व्हीगॅट’ प्रथिन अवरोधक पेशींतच बनते. तेव्हा शेवाळाचे जनुक व्हीगॅटच्या बटणाला जोडून उंदराच्या वंशात घातले. असे पारजनुकीय उंदीर २०११ मध्ये जाहीर झाले. त्यांच्या मेंदूवर निळा प्रकाश टाकला की मॉनिटर जागे होतात आणि बाकी वर्ग चूप! उजेड लावून भाग ‘बंद’ करायचा, हे प्रथम ऐकताना उलटेच वाटते.

कारेल स्वोबोदा यांच्या गटाने २०१४ मध्ये ह्याच उंदरांवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराने मिशांनी खांबाची जागा ओळखायची, सुमारे सव्वा सेकंद थांबायचे, मग पाण्यासाठी डावीकडे किंवा उजवीकडे चाटायचे. खांब चाचपत असताना मिशांचा संवेदी भाग बंद केला तर चुका वाढल्या. थांबण्याच्या वेळी तोच भाग बंद केला तर फारसे बिघडले नाही. त्या वेळी पुढचा, हालचालीची तयारी करणारा भाग बंद केला तर बिघडले. म्हणजे माहिती कोणत्या क्षणी कुठे असते, हे कळले. केवळ एखादा भाग कापून काढणाऱ्या जुन्या प्रयोगांत हे कळणे शक्य नव्हते.

मला अधिक मोलाचा वाटतो तो २०१३ चा प्रयोग. अपस्मार झालेल्या उंदरांच्या मेंदूतील विद्युत लहरींवर संगणक लक्ष ठेवून होता. झटका सुरू होताच त्याने प्रकाश लावला. हिप्पोकॅम्पसमधील एकूण चेतापेशींच्या ५ टक्क्यांहूनही कमी असलेल्या अवरोधक पेशी जाग्या केल्या, तरी झटके लवकर थांबले.

माणसाच्या अपस्मारावर हा उपचार अजून आलेला नाही. आपल्या मेंदूत शेवाळाचे जनुक नाही, आणि ते सुरक्षितपणे पोहोचवणे सोपे नाही. म्हणून वर्गात कुणाला झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर निजवा, घड्याळ पाहा. ५ मिनिटांहून जास्त चालला तर ताबडतोब दवाखान्यात न्या. तिथे अशा वेळी दिले जाणारे मिडाझोलामसारखे औषध गाबाचाच परिणाम वाढवते.